दाणा दबला की दात

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

थुंकलो तर लाल!

आधी वाटलं पान खाल्लं होतं का काल. पण पान सोडून वर्ष झालं. पुन्हा चूळ भरली — पुन्हा लाल. बेसिनमध्ये भरपूर पाणी सोडलं, कावेरीच्या नजरेला पडायला नको.

विडी सोडून आज आठवा दिवस. त्याचं हे बक्षीस! गेल्या आठवड्यात तीन महिन्यांची साखर तपासली, ती निघाली नऊ पूर्णांक चार. डॉक्टर गोळी वाढवून मोकळे झाले. पण आमचे चिरंजीव! वैजनाथ क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, आणि घरातही फळ्यापुढं उभा असल्यासारखाच बोलतो. माझ्या खिशातलं अख्खं बंडल काढून बादलीत बुडवलं. "आप्पा, आता एक जरी ओढलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." सून शिल्पा दारात उभी होती, तिच्यासमोर!

कबूल झालो. एकुलता एक आहे. तोच बोलला नाही तर घरात भांडायचं कुणाशी?

१४ डिसेंबर

उशीला डाग पडला. कावेरीनं बघितला. आता लपवून काय उपयोग.

चाळीस वर्षं ओढली, हिरडीतून एक थेंब आला नाही. सोडली आणि नळ सुटला. याला काय म्हणायचं? कावेरी म्हणाली, "आंगाला सवय लागलेली असती. एकदम तोडलं की आंग रुसतंय." चौथी शिकलेली बाई, पण तिचं पटतं मला.

१६ डिसेंबर

कामावर, डाळमिलच्या बारदान्याच्या गोडाऊनमागं एक ओढली. एकच.

२० डिसेंबर, शुक्रवार

रक्त बंद!

एकाच्या चार झाल्या दिवसाला, पण रक्त बंद म्हणजे बंद. दोन दिवस ब्रश घासघासून बघितला, पांढरा फेस. विडी म्हणजे औषधच की! साठी उलटून गेल्यावर मी हा शोध लावला, आणि सांगायची चोरी. वैजूला कळलं तर बोलणं बंद. म्हणून या वहीत लिहून ठेवतो.

तोंडात लवंग ठेवतो. वास जातो. वैजूच्याही तोंडात कायम वेलदोडा असतो — दिवसभर पोरांसमोर बोलावं लागतं, घसा राहत नाही म्हणतो. बापलेक दोघं मसाल्याचा डबा घेऊन फिरतो.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. बाजार बंद. औशाजवळ मेव्हण्याच्या शेतात सगळे गेलो. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. आंबील मी दोन लोटे प्यालो, बाकी मात्र हळूहळू चावून खाल्लं. हरभऱ्याचे घाटे सोलून खाल्ले. ऊस हातात घेतला तर कावेरी ओरडली, "साखर हाय न्हवं!" मी हसून एक टवका तोडलाच. आणि खाली समोरचा दात हलला! चांगला हलला. कळ न्हाई, रक्त न्हाई, नुसता हलला. ऊस ठेवून दिला. कावेरीला वाटलं तिचं ऐकलं.

जेवण झाल्यावर कडब्याच्या खोपीत जुन्या गोष्टी निघाल्या. मेव्हण्यानं वैजूचीच काढली. तेव्हा तो सहा वर्षांचा असेल. मी याच बांधावर बसून हाक मारायचो, "वैजू, पेटवून आण रे!" आणि हे कार्टं चुलीकडं पळायचं. विडी नुसती निखाऱ्यावर धरून पेटत नाही, ओढावी लागते. तर गडी ओढायचा, ठसकायचा, डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर, आणि पेटलेली विडी दोन बोटांत धरून ऐटीत माझ्यापर्यंत यायचा. अख्खी खोप हसायची. मी म्हणायचो, "वाघ हाय माझा!" तेव्हा सगळेच बाप पोरांकडून पेटवून घ्यायचे. माझ्या बापानं माझ्याकडून घेतली.

आजही सगळे हसले. शिल्पा तोंडाला पदर लावून हसली. वैजूही हसला, मग फोन आला म्हणून उठून तुरीच्या ओळींत गेला, बराच वेळ आला नाही. सणाच्या दिवशीसुद्धा याच्या क्लासवाल्यांना दम निघत नाही.

४ जानेवारी २०२५

जिभेनं ढकललं की दात पुढं जातो. सोडलं की मागं येतो. दिवसभर तोच खेळ.

११ जानेवारी, शनिवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सकाळचा सौदा. नव्या तुरीची आवक चांगली होती. औशाकडचा एक म्हातारा, सटवाजी नाव, तीस पोत्यांचा ढीग घालून शेजारी उभा. माझी रीत अख्ख्या बाजाराला माहीत आहे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले पाच-सात दाणे काढायचे, एक समोरच्या दातांत धरायचा. टच्च वाजला तर वाळलेला. दबला तर ओल आहे. तेवढा वेळ बाकीचे खरेदीदार माझ्या तोंडाकडं बघत थांबतात. पस्तीस वर्षं! मी ज्यांच्यासाठी तूर घेतो ते मिलवाले माणिकप्पा शेठ पाहुण्यांना सांगतात, "ओल मोजायचं मशीन आमच्याकडं न्हाई, सुदाम हाय." हातच्या काकणाला आरसा कशाला.

तर दाणा धरला. दबला. दुसरा धरला. तोही दबला.

"ओली हाय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सवयच आहे तशी. दोन खरेदीदार लगेच पुढच्या ढिगाकडं सरकले.

सटवाजी म्हणाला, "ओली? महिनाभर उन्हात वाळीवली मालक. घरातलं समदं माणूस खळ्यात होतं. ओली कशी मनता?"

मला राग आला. "मला काय इचारता, माझ्या दाताला इचारा!" लोक हसले.

म्हातारा तडक वळला. बाजार समितीच्या हापिसात गेला आणि मशीनवाल्याला हाताला धरून घेऊन आला. मूठभर तूर मशीनमध्ये. ओल साडेनऊ टक्के. एवढी वाळलेली तूर आज अख्ख्या बाजारात नव्हती.

कुणी हसलं नाही आता. सटवाजीनं ढिगातला एक दाणा उचलला, माझ्यासमोर उभा राहून आपल्या दातांत धरला. टच्च! माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. "आला का आवाज?" एवढंच म्हणाला.

त्याचा माल चांगल्या भावानं गेला, दुसऱ्या मिलनं घेतला. शेठ मला म्हणाले, "होतंय कवा कवा." नंतर म्हणाले, "सोमवारपासून एक मशीन आणून ठेवू का? तुमच्या मदतीला."

माझ्या मदतीला!

१२ जानेवारी

आरशासमोर उभा राहिलो. बोटानं दात ढकलला. गेला पुढं, आला मागं.

दाणा दबला नव्हता. दात दबला होता.

म्हणजे पस्तीस वर्षांची सगळी इज्जत या एका दाताच्या बुडाशी होती, आणि बूडच हललं. किती दिवसांपासून? याआधी किती जणांची कोरडी तूर मी ओली म्हणालो असेन? हा विचार डोक्यातून जाईना. जेवलो नाही. कावेरीला सांगितलं, पोट बिघडलंय.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. तिळगुळाची वडी चोखून खाल्ली.

आज एकटाच दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर विनीताबाई, नांदेडच्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण बोलणं सडेतोड. बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून आकडे सांगत गेल्या, शेजारची मुलगी लिहीत गेली. सहा, सात, सहा, आठ.

"काका, तीनच्या आत पाहिजे होते. तुमच्या हिरड्यांखाली खड्डे पडलेत. हाड झिजलंय."

मी म्हणालो, शक्यच नाही! रक्त येत नाही, सूज नाही, दुखत नाही. मध्ये आठ-दहा दिवस आलं होतं, तेही बंद झालं.

"कशानं बंद झालं?"

बाई थांबल्या. शेवटी सांगून टाकलं — विडी सोडली तेव्हा आलं, पुन्हा धरली तेव्हा थांबलं. वाटलं आता शिव्या खातो. त्या हसल्याच. म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही. महिन्याला दोघंतिघं हेच सांगतात. सोडतात, रक्त बघून घाबरतात, पुन्हा धरतात."

मग नीट सांगितलं त्यांनी. मला समजलं तसं लिहितो, विसरायला नको. दाताच्या बुडाशी जंतू साठतात. त्यांना मारायला रक्तातून पहारेकरी येतात — पांढऱ्या पेशी. ते आले की हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. ते रक्त म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. घरात चोर शिरलाय म्हणून सांगतं. विडी काय करते? हिरडीतल्या बारीक नळ्या आवळून टाकते. पहारेकऱ्याची वाटच अडते, जो पोचतो तोही अर्धा लुळा. चोर आत निवांत, आणि कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं! माझ्या हिरड्या चाळीस वर्षं गप्प होत्या, त्या चांगल्या होत्या म्हणून नाही.

आणि साखर? साखरेनं पहारेकरी बिथरतो म्हणाल्या. चोराला सोडतो आणि घरच्याच भिंतीवर काठी हाणत बसतो. हाड त्यात जातं. वर हिरडीतला हा धिंगाणा चालू राहिला की साखरही खाली यायला मागत नाही. एकमेकांना धरून असतात दोघं.

"नुसती साखर असती तर भळाभळा रक्त आलं असतं आणि तुम्ही वेळेवर आला असता. साखर वाढलेली, खड्डे एवढे खोल, आणि रक्त नाही — असं तोंड दिसलं की मी न विचारताच ओळखते, हा माणूस ओढतो."

मी विचारलं, दात राहतील का. "एक जाईल. बाकीचे राहतील, पण विडी आजपासून बंद पाहिजे. रक्त येईल. आलं तर घाबरायचं नाही."

"आणि दाण्याचं काय?"

"कसला दाणा?"

माझा धंदा सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला.

१६ जानेवारी

कावेरीला सगळं सांगितलं. महिनाभर चोरून ओढत होतो, हेही.

"मला म्हाईत हाय की," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "लवंगंच्या आड वास लपतोय व्हय? छत्तीस वर्सं झाली, तुमाला काय मी आज वळकायलेव?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? वैजू आन् तुमी भांडत बसला असता. आपलेच दात आन् आपलेच ओठ."

वैजूला सांगायची हिंमत झाली नाही. बंडल मात्र मीच बादलीत बुडवलं.

१९ जानेवारी, रविवार

रक्त! सकाळी ब्रशवर लालभडक!

भुंकलं! कावेरीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "येडं लागलंय का? रगत बघून कुणी नाचतंय व्हय?"

२८ जानेवारी

चारदा जाऊन आलो. सुई देऊन हिरडीच्या आत शिरून साफ करतात. खरवडल्याचा आवाज थेट डोक्यात घुमतो. आज तो दात काढला. चिमट्यात धरून बाईंनी दाखवला — एवढासा! याच्या जिवावर मी बाजारात छाती काढून फिरत होतो.

कागदात बांधून घरी आणला. कावेरी म्हणाली पारिजातकाच्या बुडाशी पुरा. पुरला. वैजूला सांगितलं, म्हातारपणाचा होता, पडला. तो म्हणाला, "विडी वेळेवर सोडली असतीत तर वाचला असता." ऐकून घेतलं. खरंच आहे त्याचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

डोकं ठणकतंय. चहा गोड लागत नाही, वर्तमानपत्र वाचवत नाही, हाताला काय द्यावं कळत नाही. चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि मिलला तीन फेऱ्या मारायच्या. तिसऱ्या फेरीला तल्लफ जाते. चौथ्याला परत येते. हमाल विचारतात, "सुदामआप्पा, काय हरवलंय का?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सौद्यात सटवाजी दिसला. दुसरी खेप घेऊन आला होता. दुसऱ्या रांगेनं निघून जाता आलं असतं. नाही गेलो.

त्याच्या ढिगात हात घातला कोपरापर्यंत. दाणे ओंजळीत घेऊन कानाशी खुळखुळवले. हे हल्ली शिकतोय — वाळलेल्या तुरीचा आवाज निराळा येतो. मग मशीनवाल्याला मीच बोलावलं. दहा. चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, "पाव्हनं, माल कोरडा हाय. आन् मागच्या खेपेलाबी कोरडाच होता. माझा दात हालत होता, मी तुमच्या तुरीला नावं ठेवली. माफी असावी."

सगळे बघत होते. कान तापले माझे.

सटवाजी माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्याला खिंडार दिसलं. "गेला व्हय त्यो?" म्हणाला. "जाऊ द्या की. दाताचं काय घिऊन बसलाव! चारचौघांत मनलाव, एवढं बास झालं." आणि कोपरीच्या खिशातून विडी काढून माझ्यापुढं धरली!

हसावं की रडावं. सांगितलं, सोडली. त्यानं ती तशीच खिशात ठेवली. "मग मीबी आत्ता न्हाई वडत," म्हणाला.

दुपारी शेठ म्हणाले, "मशीन असू द्या, पण आधी तुमचा हात ढिगात जाऊ द्या. बाजाराला सवय हाय." बरं वाटलं. लई बरं वाटलं.

१ मार्च

वैजूची विम्यासाठी तपासणी झाली, त्यात साखर निघाली. दोनशे वीस! वय चौतीस! शिल्पाचं तोंड उतरलेलं. माझ्या आईला होती, मला आहे, आता याला. देणगीच आमच्या घराण्याची. नांदेडला तीन वर्षं खोलीवर एकटा राहून शिकवत होता, तेव्हा मेसचं तेलकट खाऊन खाऊन झालं असणार, असं कावेरी म्हणते.

मी म्हणालो, एकदा हिरड्या दाखवून ये. उडवून लावलं. "आप्पा, माझ्या हिरड्यांतून आयुष्यात रक्त आलेलं नाही. मी काय तुमच्यासारखा विड्या ओढतो का?"

मनात म्हटलं, बरं झालं, निदान त्या बाबतीत तरी पोरगं माझ्यावर गेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

तीन महिन्यांची साखर सात पूर्णांक सहा! विनीताबाईंनी सळई घालून बघितलं — चार, तीन, चार. रक्त नाही. "आता हे 'नाही' खरं," म्हणाल्या. गोळी, चालणं, हिरड्या, विडी, सगळ्यांचा हात आहे म्हणाल्या, एकाचंच नाव घेऊ नका.

घरी येऊन वैजूला सगळं कबूल केलं. डिसेंबरातलं चोरून ओढणंसुद्धा. म्हटलं आता चिडणार. चिडला नाही. खाली बघून म्हणाला, "जाऊ द्या आप्पा. सुटत नाही लवकर." किती समजूतदार झालाय! तो जरा मऊ झालाय असं बघून तेवढ्यात वचन घेतलं — माझ्यासोबत एकदा दवाखान्यात यायचं. आढेवेढे घेतले, पण हो म्हणाला.

५ एप्रिल, शनिवार

वैजूला घेऊन गेलो. मी खुर्चीशेजारीच उभा होतो. बाई आकडे सांगत गेल्या. पाच, सहा, सहा, सात. मधूनमधून कापूस दाबून बघत होत्या. कापूस पांढराच. शेवटपर्यंत पांढरा. साखर दोनशे वीस, खड्डे माझ्याएवढे, आणि रक्ताचा एक ठिपका नाही.

"सिगारेट, तंबाखू काही?" बाईंनी विचारलं.

"छे!" वैजू म्हणाला.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं.

येताना गाडीवर त्याच्या मागं बसलो. घरी आल्यावर, तो दारात चपला काढत होता तेव्हा, एवढंच म्हणालो, "वैजू, पहिली विडी मीच पेटवून आणायला लावली होती रे."

एक चप्पल पायात तशीच ठेवून तो उभा राहिला.